पाशा, तुमच्याशिवाय कोण?

आमची मायक्रोबस भुयारी रस्त्यात शिरली तेव्हा आभाळाला हळदीचा रंग आला होता. आधी वाळू उडाली, मग वाळूतच पाऊस मिसळला, आणि काचांवरून पाण्याऐवजी चिखल ओघळू लागला. पुलाखालून पलीकडे निघताना रस्त्याच्या सर्वांत खोल भागात पाणी साठलेले दिसले. चालकाने ते पाहिले, घोट्याएवढेच आहे असे जाहीर केले, आणि गाडी त्यात घातली. इंजिन एकदा खोकले आणि बंद पडले.

मी भूगर्भशास्त्रज्ञ आहे. त्या जागेविषयी मला एक गोष्ट ठाऊक होती, जी माहीत असून काही उपयोग नव्हता. मुकत्तमच्या टेकड्यांतून उतरणारा एक कोरडा ओढा जुन्या नकाशांत नेमका याच ठिकाणी दाखवलेला आहे. कैरोने त्याच्यावर वसाहत बांधली, वसाहतीतून रस्ता काढला, रस्त्यावर पूल टाकला. ओढ्याला मात्र कोणी कळवले नव्हते. मागच्या काचेतून मी त्याला येताना पाहिले. तो घाईत नव्हता. रुंद, तपकिरी, काठांवर फेस, आणि नकाशात जिथे वळण काढले आहे तिथे तो वळला. मधल्या साऱ्या काँक्रीटचा त्याच्यावर कसलाही परिणाम झालेला नव्हता. भीती वाटायच्या आधी मला आदर वाटला, हे शास्त्रीय प्रामाणिकपणासाठी नोंदवतो.

गाडीत आम्ही पाचच उरलो होतो. बाकीचे शहाणे आधीच्या थांब्यांवर उतरले होते. आमच्या शहरात अनोळखी माणसाला नुसत्या नावाने कोणी हाक मारत नाही आणि त्याच्या खऱ्या हुद्द्यानेही मारत नाही. त्याहून दोन पायऱ्या वरच्या हुद्द्याने मारतात. चष्मा आणि चामडी पिशवी दिसली की डॉक्टर. शर्टाच्या खिशाला पेन असले की इंजिनियर. खेळाडूचा पोशाख घातलेला तरुण म्हणजे कप्तान. गाडी चालवणारा उस्ताद, आणि वय झालेली प्रत्येक बाई हाजीण, मग ती मक्केला गेलेली असो वा नसो. यात फसवणूक नसते, फक्त सौजन्य असते. त्यामुळे गाडी बंद पडताच आम्ही सगळे मोठ्या हुद्द्यांचे लोक घोटाभर पाण्यात बसलो होतो.

कप्तान, मीदो नावाचा विशीतला तरुण, मधल्या बाकावरच्या जाडजूड बाईंना म्हणाला, "हाजीणबाई, पाय वर घ्या."

"अजून नाही रे बाळा," त्या म्हणाल्या.

त्याला वाटले पाय वर घ्यायला नको म्हणतात. त्यांनी समजावले. त्यांचे नाव इन्शिराह. नवरा गेल्यापासून, म्हणजे पुष्कळ वर्षे, अवघी गल्ली त्यांना हाजीण म्हणते, आणि त्या दर वर्षी हजयात्रेच्या सरकारी सोडतीत आपले नाव घालतात. यंदा नाव निघाले. पासपोर्ट त्यांनी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून छातीशी धरला होता. तो आजच जमा करायचा होता. मेल्यावर माणूस स्वर्गाच्या दारात उभा राहतो, तेव्हा हाक मारतात म्हणे. आपल्याला हाजीण म्हणून हाक मारली आणि आपण 'हो' म्हणालो, तर पहिल्याच शब्दाला खोटे पडू, एवढीच त्यांची काळजी होती. त्यांना मरायचे होते, पण ते परत आल्यावर.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तेवढा हा गुडघा बघता का? वाकतच नाही मेला."

मी माझी चूक नसलेली चूक दुरुस्त केली. मी डॉक्टर आहे, पण वाळवंटात सापडणाऱ्या देवमाशांच्या हाडांचा. ते मासे मरून सुमारे चार कोटी वर्षे झाली.

"माशांना गुडघे असतात?"

"यांना होते. एवढे लहानसे. पाण्यात राहायला गेले, तसे हळूहळू नाहीसे झाले."

त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवून दाराखालून आत येणाऱ्या पाण्याकडे पाहिले. "नशीबवान," त्या म्हणाल्या.

पाणी बाकापर्यंत आले तेव्हा दार उघडेनासे झाले होते. खिडकीतून टपावर चढणे एवढा एकच मार्ग उरला. चालक शह्हात सर्वांत आधी चढला. जहाजाच्या कप्तानाने शेवटी उतरायचे असते, पण तो उस्ताद होता. इन्शिराहबाईंना चढवणे हे स्वतंत्र काम झाले. मी आणि चौथे प्रवासी, इंजिनियर रुश्दी, वरून त्यांचे दंड धरून ओढत होतो, आणि मीदो पाण्यात उभा राहून त्यांना खालून खांद्याने ढकलत होता व प्रत्येक ढकलीबरोबर माफी मागत होता. त्यांनी अखेर त्याला सांगितले की माफी मागण्यात अर्धी ताकद जाते, ती नंतर एकदम माग. रुश्दींनी स्वतःच्या मागोमाग एक मोठे गाठोडेही वर घेतले. ते त्यांनी कोणाच्याही हाती दिले नाही.

टपावर बसल्यावर परिस्थिती स्पष्ट झाली. दोन्ही बाजूंना उंच, गुळगुळीत भिंती. उजव्या भिंतीत वर रस्त्यापर्यंत जाणाऱ्या लोखंडी पायऱ्या होत्या. त्या जिथे सुरू होत तिथेच, पाण्यात, दिव्याचा खांब उभा होता. आमच्यात आणि खांबात जेमतेम एका खोलीच्या रुंदीचे पाणी. खांबाच्या टोकाला दिवा जळत होता. आमच्या शहरात रस्त्यावरचे दिवे दिवसा इमानाने जळतात; रात्रीची खात्री देता येत नाही.

वर कठड्याशी गर्दी जमली होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता, आणि प्रत्येकाकडे सल्ला होता. एक जण पोहा म्हणत होता, दुसरा हलू नका म्हणत होता, तिसरा पुन्हा पुन्हा ग्वाही देत होता की मदत निघाली आहे, रस्त्यातच आहे. ते खरे असावे. रस्ता पाण्याखाली होता.

पाणी टपाच्या कडेला लागले. त्या क्षणी सर्वांच्या नजरा ज्या क्रमाने फिरल्या तो मला आजही थक्क करतो. आधी सगळ्यांनी रुश्दींकडे पाहिले.

"इंजिनियरसाहेब," शह्हातने विचारले, "खांबात करंट असेल का?"

रुश्दींनी खांबाकडे पाहिले, डोळे बारीक केले, खिशातले पेन काढले आणि परत ठेवले. "नाही," ते म्हणाले. "पाणी लागताच आपोआप तुटतो."

"दिवा तर लागलाय."

"तो उरलेला करंट."

हे वाक्य इतक्या गांभीर्याने उच्चारले गेले की मी स्वतः, ज्याने भौतिकशास्त्राची परीक्षा दिलेली आहे, क्षणभर उरलेल्या करंटाची कल्पना करू लागलो. शह्हातने मान डोलावली. मग नजरा मीदोकडे वळल्या. कप्तानाने पलीकडे जायचे, पायरी धरायची, आणि हाजीणबाईंना ओढून घ्यायचे, हे कोणीही न बोलता ठरून गेले. त्याने बूट काढले, नीट जोडीने शेजारी ठेवले, आणि टपाच्या कडेला उभा राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

तेव्हा मी एक असभ्य गोष्ट केली. मी रुश्दींना विचारले, "तुम्ही कुठल्या शाखेचे इंजिनियर?"

आमच्याकडे माणसाला त्याचे वय विचारतात, पगार विचारतात, मूल का होत नाही तेही विचारतात. पण एकदा बहाल केलेल्या हुद्द्याचा पुरावा विचारत नाहीत. शह्हातने मान खाली घातली. रुश्दी ताठ झाले.

"तुम्ही मेलेल्या माशांचे डॉक्टर," ते म्हणाले. "तुम्ही मला शाखा विचारणार?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. पुलाखालून एक उंदीर पोहत आला. लहान डोके, मागे पाण्यावर दोन रेघा. तो आमच्याजवळून गेला, विचार केल्यासारखा वळला, आणि त्याने खांबाची दिशा धरली. त्याच्या जागी मीही तीच धरली असती. खांबापासून हातभर अंतरावर तो थांबला. धडपड नाही, आवाज नाही. शरीर एका क्षणात ताठ झाले, आणि प्रवाहाने त्याला पोट वर करून सावकाश वळवून नेले. आमच्या सहा जीवांत त्या एकालाच कोणी कधी काही पदवी दिलेली नव्हती, म्हणून त्याचे उत्तर खरे होते.

पाणी दिव्याचा पिवळा प्रकाश शांतपणे हलवत राहिले. त्या प्रकाशात आणि त्या मृत्यूत काहीच अंतर नव्हते, दोन्ही एकाच तारेतून येत होते; आणि इतके सोपे, इतके निर्दोष यंत्र मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

रुश्दी खाली बसले. ते पडदे विकतात, त्यांनी सांगितले. गाठोड्यात नमुने आहेत. एकदा एका हमालाने त्यांना इंजिनियर म्हटले, दुसऱ्या दिवशी दुकानमालकाने. वर चढायला जिना होता, उतरायला कोणी ठेवलाच नव्हता. शह्हातनेही मग सांगून टाकले की गाडी मेहुण्याची आहे आणि उस्ताद होऊन त्याला आठवडा झाला आहे. त्यावर कोणालाच आश्चर्य वाटले नाही.

मीदो अजून कडेलाच उभा होता. इन्शिराहबाईंनी त्याच्या पँटीचे टोक धरून त्याला मागे ओढले.

"तू रे? तू काय करतोस?"

"चहाच्या दुकानात पेले नेतो, मावशी."

"पोहायला येतं?"

"नाही."

"मग उडी कुठे मारत होतास, मेल्या?"

त्याने बुटांकडे पाहिले. "तुम्ही सगळे कप्तान म्हणालात ना," तो म्हणाला.

मी बले मोजण्यात आयुष्य घालवले आहे. खडकाचा थर वाकवायला किती दाब लागतो, देवमाशाच्या मणक्यावर किती भार येई, हे मला सांगता येते. पण एका शब्दाने पोहता न येणाऱ्या तरुणाला पाण्याच्या कडेला नेऊन उभे करणारे हे बल, याला एकक नाही. आणि ते तिथे होते. त्याचे बूट जोडीने माझ्यासमोर ठेवलेले होते.

आता आमच्यात कप्तान नव्हता, इंजिनियर नव्हता, उस्ताद नव्हता, आणि डॉक्टर होता तो निरुपयोगी होता. पाणी घोट्यांना लागले. वरच्या लोकांना मी ओरडून सांगितले की वीज तोडा. त्याने प्रचंड चर्चा सुरू झाली. एकाचा चुलतभाऊ वीज खात्यात होता. दुसऱ्याच्या मते अर्ज करावा लागतो. रस्त्याकडेची विजेची पेटी तिथेच होती, दार कधीचे गळून पडलेले, आतला दांडा सर्वांना दिसत होता. आणि प्रत्येक जण तिच्याकडे बोट दाखवत होता.

इन्शिराहबाई कठड्याकडे पाहत होत्या. मला वाटले दुआ मागत आहेत. त्या निवड करत होत्या.

गर्दीच्या टोकाला एक बुटका, पोट सुटलेला माणूस छत्री धरून उभा होता. कैरोत छत्री बाळगणारा माणूस विरळा. आम्ही पाऊस पडला तर आश्चर्य करतो, तयारी करत नाही. बाईंनी पासपोर्टची पिशवी वर उचलून हलवली आणि त्या छत्रीला उद्देशून, बाजारात चालतो तसा खणखणीत आवाज काढला.

"पाशा! अहो छत्रीवाले पाशा! तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला? तुम्ही सांगितलंत तर तो दिवा विझेल!"

पाशा हा आमच्या शहरातला सर्वांत वरचा हुद्दा; त्यापुढे पायरी नाही. माणसाने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. सगळे मोबाइल त्याच्याकडे वळले. त्याच्या चेहऱ्यावर जे घडले ते मी इतक्या अंतरावरूनही पाहिले. आधी नकार, मग संकोच, आणि मग खांदे सावकाश मागे गेले, मान वर आली, पोटसुद्धा आत गेल्यासारखे वाटले. त्याने शेजाऱ्यांना बाजूला व्हायला सांगितले. ते झाले. तो पेटीपाशी गेला, छत्री मिटली, तिची लाकडी मूठ दांड्यात अडकवली, आणि ओढली.

मोठा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, पाशा उताणा पडला. दिवा विझला.

त्याच्याभोवती गर्दी झाली. कोणीतरी ओरडले की हात भाजला आहे, पण बोलतो आहे, छत्री मागतो आहे. बाईंनी डोळे मिटून घेतले.

मी म्हणालो, कारण ते म्हणणे माझे कर्तव्य होते, की दिवा विझला म्हणजे तार मेली असे सिद्ध होत नाही.

"अल्ला तुमचं भलं करो, डॉक्टर," शह्हात म्हणाला. "तुमच्यासारखा माणूस बरोबर असला की मरणही सोपं वाटतं."

रुश्दींनी कोट काढला. "मी दुमियातचा," ते म्हणाले. "नदीवरचा. पोहता येतं." त्यांनी गाठोडे सोडले, आतून किरमिजी मखमलीचा एक लांबलचक पडदा काढला, त्याचे टोक कमरेला बांधले. "मी म्हणालो होतो ना करंट नाही म्हणून? मग माझं वाक्य मीच तपासतो."

ते पाण्यात उतरले. चार हात मारून, खांबापासून हातभर अंतरावर जिथे उंदीर थांबला होता तिथे पोचले. तिथे ते एक क्षण थांबले. आम्ही कोणीच श्वास घेतला नाही. मी तर देवाच्या बाबतीत कायम पुरावा मागत आलो आहे, पण त्या क्षणी मी मागितला नाही. मग त्यांनी हात लांब केला आणि खांबाला मिठी मारली.

दुसरे टोक मी टपावर धरले, आणि पडदा ताणला गेला. मीदो आणि शह्हात एकेक करून त्याला धरून गेले. मीदो डोळे मिटून, ओठ हलवत. पायऱ्यांवर तिघे उभे राहिले. मी पडद्याचे दुसरे टोक इन्शिराहबाईंच्या काखेखालून दोनदा गुंडाळले, आणि त्या पाण्यात उतरल्या. मखमल फुगली. सोनेरी झालर पाण्यावर पसरली. भुयारी रस्त्याच्या तपकिरी पाण्यातून एक म्हातारी एखाद्या राजघराण्यातल्या बाईसारखी, एक हात वर धरून, त्यात पासपोर्ट घेऊन, हळूहळू पुढे सरकत होती. जिथे कधीकाळी समुद्र होता आणि गुडघे असलेले देवमासे पोहत होते, त्याच भूमीवर मी हे पाहत होतो, आणि शास्त्र माझ्यापासून फार दूर कुठेतरी होते.

मध्यावर त्या बुडाल्या. हात तेवढा वर राहिला.

"हाजीणबाई!" मीदो ओरडला. "हाजीणबाई, धरा!"

डोके वर आले. त्यांनी तोंडातले पाणी थुंकले.

"इन्शिराह म्हण! खोट्या नावाने बुडायचं नाहीये मला."

"इन्शिराह!" तो ओरडला, आणि त्याने आपल्या आजीच्या वयाच्या बाईला तिच्या उघड्या नावाने पुन्हा पुन्हा हाका मारल्या. पुढे त्या मला म्हणाल्या की त्यांची आई गेल्यानंतर त्या नावाने त्यांना कोणी हाक मारली नव्हती; पाण्यात ते ऐकले आणि वाटले, आपल्याला खरोखर कोणीतरी बोलावते आहे, गेलेच पाहिजे. गुडघा वाकला. पायरी लागली.

मी सर्वांच्या शेवटी गेलो. येताना मीदोचे बूट आणले.

वर पोचल्यावर आम्ही पाशाचा शोध घेतला. त्याला कोणीतरी गाडीत घालून नेले होते. गर्दीतल्या प्रत्येकाने त्याला ओळखत असल्याचे सांगितले: तो निवृत्त सेनाधिकारी होता, मोठा व्यापारी होता, मंत्र्याचा मेहुणा होता. नाव कोणालाच माहीत नव्हते. मीदोने नंतर जवळपासच्या तीन दवाखान्यांत चौकशी केली. भाजलेल्या हाताचा पाशा कुठेच दाखल झालेला नव्हता. बहुधा दवाखान्यात त्याला त्याचे खरे नाव विचारले गेले असावे. पावसामुळे त्या दिवशी सगळ्या कचेऱ्या बंद राहिल्या आणि पासपोर्ट जमा करायची मुदत आपोआप वाढली.

उन्हाळ्यात हजयात्रेतून, मक्केजवळच्या अराफातच्या मैदानातून मला फोन आला. मागे लाखो माणसांचा गजर ऐकू येत होता, एका प्रचंड पाण्यासारखा. इन्शिराहबाईंनी आम्हा सगळ्यांसाठी दुआ मागितली होती, नावानिशी. शह्हातसाठी परवाना, रुश्दींसाठी गिऱ्हाइके, मीदोसाठी पोहण्याची अक्कल, आणि माझ्यासाठी त्यांनी काय मागितले ते सांगितले नाही. अडचण एकच होती. पाशाचे नाव ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी नुसते पाशा म्हटले. कैरोत पाशा किती असतील, वर नीट पत्ता लागेल का, असे त्या मला विचारत होत्या. मी शास्त्रज्ञ म्हणून.

मी हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. म्हणालो की छत्रीचा उल्लेख केला असेल तर लागेल.

"तो केला," त्या समाधानाने म्हणाल्या.

तो गजर कानाशी येत राहिला. मी कशावरही विश्वास ठेवत नाही, पण तो शब्द कुठल्या बाईला शोभेल याचा पुरावा माझ्यापुढे होता, म्हणून मी म्हणालो, "मुबारक असो, हाजीणबाई."

"अजून नाही हो डॉक्टर," इन्शिराहबाई म्हणाल्या. "हज पूर्ण व्हायला सैतानाला दगड मारायचे राहिलेत."